विषाणू रूप बदलतो, म्हणून गोळ्या थांबवायच्या?

हेपेटायटिस सीच्या उपचाराचा निम्मा कोर्स पूर्ण झालेल्या माझ्या मावशीने परवा फोनवर विचारले, "उरलेल्या गोळ्या घेऊ की नको?" निमित्त होते व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशाचे. त्यात म्हटले आहे की हा विषाणू शरीरात रोज रूप बदलतो, एकाच रुग्णात त्याच्या हजारो जाती असतात, त्यामुळे औषध चालत नाही. उलट गोळ्यांनी तो चिवट होतो, म्हणून बरे वाटताच त्या थांबवून काढा घ्यावा. आणि एकदा पॉझिटिव्ह आलेला माणूस कायम पॉझिटिव्हच राहतो.

रूप बदलण्याची गोष्ट खरी आहे, एवढे मान्य करावे लागते. विषाणूच्या सुमारे ९,६०० अक्षरांच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय साखळीची, नक्कल करणाऱ्या विकराला स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत, आणि जुनाट संसर्गात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे एकाच रक्तनमुन्यात किंचित वेगवेगळी असंख्य रूपे सापडतात. आवरणावरील २७ अमिनो आम्लांचा एक तुकडा तर इतका बदलतो की प्रतिपिंडे त्याच्या मागेच राहतात. लस अजून नसण्यामागे हे एक मोठे कारण आहे. मात्र या वेगळ्या जाती नव्हेत. मावशीच्या अहवालात जनुकप्रकार ३ (या विषाणूच्या मुख्य प्रकारांपैकी एक) लिहिला आहे आणि ही सारी रूपे त्याच एका प्रकारातली आहेत.

औषध थांबवण्याचा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. या उपचारातले सोफोसबुविर हे औषध खोटे अक्षर बनून नव्या साखळीत शिरते आणि नक्कल तिथेच तोडते. ते जिथे काम करते ती जागा प्रत्येक रूपाला लागतेच, आणि तिथे बदल झालेला विषाणू स्वतःच दुबळा ठरतो. जोडीचे वेल्पाटास्विर एनएस५ए या दुसऱ्या प्रथिनावर मारा करते. त्याला दाद न देणारी रूपे काही रुग्णांत उपचारापूर्वीच असतात, पण ती सोफोसबुविरच्या तावडीत सापडतात. या जोडीच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्ट्रल-१ चाचणीत अशी रूपे आढळलेल्या २५७ रुग्णांपैकी २५५ जण १२ आठवड्यांच्या कोर्सने बरे झाले. त्या चाचणीत जनुकप्रकार ३ नव्हता. त्याच्यासाठीच्या ॲस्ट्रल-३ मध्ये या जोडीने एकूण ९५ टक्के रुग्ण बरे झाले. यकृत आक्रसलेले असेल आणि एनएस५एच्या ९३व्या स्थानी बदल असेल तर यश थोडे घटते, पण त्यावर रिबाविरिन हे आणखी एक औषध जोडायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. कोर्स अर्धवट सोडला की साधी रूपे बरीचशी मेलेली असतात आणि दाद न देणाऱ्यांना वाढायला मोकळे रान मिळते. म्हणजे संदेश ज्या चिवटपणाची भीती घालतो, तो त्याच्याच सल्ल्याने येतो. शिवाय "बरे वाटणे" हा निकष इथे निरर्थक आहे, कारण बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही.

काढ्याने हा विषाणू जातो याला पुरावा नाही, आणि काही वनौषधी आजारी यकृताला बाधतात.

राहिला कायमच्या पॉझिटिव्हचा दावा. प्रतिपिंडांची तपासणी बरे झाल्यावरही पॉझिटिव्ह येते, कारण ती जुन्या संसर्गाची खूण दाखवते. विषाणू गेला की नाही हे कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी केलेली आरएनए तपासणी सांगते, आणि २०१८पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात औषधांबरोबर तपासणीही मोफत होते.