नेब्रास्कातला खापरपणजोबा आणि सुरगाण्यातला वनपट्टा

वनजमिनीच्या पट्ट्यांचा विषय निघाला की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं, अमेरिकेत बघा, लोक ओसाड माळावर गेले, सरकारपुढे हात न पसरता घाम गाळून शेती उभी केली, आणि आपल्याकडे काय तर फुकट जमिनी वाटा. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी चालत आले, त्यातले कितीतरी सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे आदिवासी होते, कसतोय ती वनजमीन नावावर करा ही त्यांची मोठी मागणी होती, तेव्हाही हेच ऐकलं. आता मी राहतो अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहरात, म्हणजे ज्यांचं उदाहरण देतात त्यांचीच पतवंडं-खापरपतवंडं माझ्या आजूबाजूला आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आमच्या शेजारच्या आजोबांचे खापरपणजोबा बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून इथे आले. त्यांच्या जमिनीचा सरकारी कागद आजोबांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय आणि तो दाखवताना त्यांचा आवाज बदलतो. त्या माणसांनी काय काय सोसलं हे ऐकलं की खरंच हात जोडावेसे वाटतात. लाकूड नाही, दगड नाही, मग गवताच्या मुळांनी घट्ट झालेली माती नांगराने लांब पट्ट्यांत कापायची, तुकडे विटांसारखे रचायचे आणि त्यात राहायचं. पाऊस बाहेर थांबला तरी छत आत गळतच राहायचं, वरून कधी साप पडायचा म्हणून खाली कापड ताणून बांधायचे. जळणाला बायसनच्या नाहीतर गाईच्या गोवऱ्या. 12 जानेवारी 1888 ला सकाळी बऱ्यापैकी ऊब होती, मुलं शाळेत गेली आणि मग अचानक बर्फाचं वादळ आलं, या सगळ्या प्रदेशात मिळून दोनशेच्या वर माणसं गेली, त्यात शाळेतून घरी निघालेली कितीतरी पोरं. या कष्टांना कोणी खोटं म्हणू नये, मी तर अजिबात म्हणणार नाही.

पण जमीन आली कुठून? 1862 च्या होमस्टेड कायद्याने सरकारने दिली. 160 एकर, फी सगळी मिळून 18 डॉलर, मुख्य अट अशी की पाच वर्षं तिथे राहा, घर बांधा, जमीन कसा. लिंकनच्या दक्षिणेला बिअ‍ॅट्रिस गावाजवळ डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने कायदा लागू झाला त्याच दिवशी, 1 जानेवारी 1863 ला अर्ज केला, ती जागा आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. पाच वर्षांनी त्याने पुरावा काय दिला तर 14 बाय 20 फुटांचं घर, 35 एकर नांगरलेली जमीन, फळझाडं, आणि दोन साक्षीदार. बस. पुढे या कायद्याखाली साधारण 27 कोटी एकर वाटले गेले, अमेरिकेच्या एकूण जमिनीच्या 10 टक्के, म्हणजे साडेतीन महाराष्ट्र! आणि हात पसरले नाहीत हे पण खरं नाही हो. 1874 ला टोळधाडीने पिकं फस्त केली तेव्हा लष्कराच्या गोदामातले कोट-बूट या शेतकऱ्यांना वाटले, संसदेने मदतीचा पैसा मंजूर केला, जमीन सोडून काही काळ दुसरीकडे पोटापाण्याला गेलात तरी हक्क जाणार नाही अशी सूटही दिली. चांगलंच केलं, सरकारने तेच करायचं असतं.

आणि माळ ओसाड नव्हताच. बिअ‍ॅट्रिसच्या जवळच बिग ब्लू नदीकाठी ओटो-मिझुरिया या इथल्या मूळ रहिवासी लोकांची राखीव जमीन होती, 1854 च्या करारात बाकीचा मुलूख देऊन टाकल्यावर त्यांच्याकडे उरलेली. तीही विकायला लावून 1881 मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. शेजारच्या आजोबांना हे माहीत आहे, ते स्वतःहून सांगतात, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी पण, कारण फ्रेमबद्दलचा अभिमान आणि हे दोन्ही ते एकाच दमात बोलू शकतात. आपल्या लोकांना तर तेव्हा इथे यातलं काही मिळालंच नसतं, अर्जदार नागरिक तरी हवा किंवा होण्याच्या मार्गावर तरी, आणि आशियाई माणसाला ते दारच बंद होतं, 1923 मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद या भारतीयाच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्टच सांगितलं.

आता आपला 2006 चा वनहक्क कायदा घ्या. कमाल 4 हेक्टर, म्हणजे जेमतेम 10 एकर, तेही 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून प्रत्यक्ष कसत असाल तेवढंच. आदिवासी नसाल तर तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा पुरावा. पट्टा मिळाला तरी विकता येत नाही, वारसाला जातो फक्त. याला वाटप कसं म्हणायचं? जो माणूस आजोबाच्या काळापासून तिथेच आहे त्याच्या कसण्याची ही नुसती नोंद आहे. बोहेमियातून आलेल्या परक्या माणसावर सरकारने पाच वर्षांत विश्वास ठेवला, आणि सुरगाण्यातल्या म्हातारीच्या दाव्यावर ग्रामसभेने हो म्हटलं तरी वरच्या समितीत फाइल अडकते. फेब्रुवारी 2019 मध्ये तर दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढा असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला होता, काही दिवसांत स्थगिती मिळाली म्हणून, नाहीतर कितीतरी कुटुंबं नुसत्या कागदाअभावी उघड्यावर आली असती.

जंगल वाचलं पाहिजे ही काळजी मलाही आहे, त्यावर जरूर वाद घाला, खोटे दावे असतील तर तेही तपासा. पण दावा नाकारताना कारण लेखी कळवायचं, अपिलाला वेळ द्यायचा आणि गावातल्या जुन्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून धरायचा, हे सगळं नियमांत आधीच लिहिलेलं आहे, तेवढं प्रत्येक तालुक्यात झालं पाहिजे. फ्रीमनला दोन साक्षीदार पुरले होते.