पडदा झोपला, आवाज पळाला

लिनक्सवाल्या लॅपटॉपला एचडीएमआयच्या केबलने मोठा मॉनिटर जोडला, की आवाजही त्याच केबलमधून जातो. हा आवाज निघतो ग्राफिक्सच्या चिपमधून, पण त्याचा कारभार बघतो साउंड ड्रायव्हर. म्हणजे माहेर एकीकडे, सासर दुसरीकडे. मॉनिटर आला-गेला हे माहेरच्यांनी सासरी कळवायचं. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हा निरोप अगदी वेळेवर पोचतो, आणि तीच पंचाईत आहे.

परवा आई मॉनिटरच्या स्पीकरवर कीर्तन ऐकत होती. नुसता ऑडिओ, व्हिडिओ नव्हे, त्यामुळे पडदा जागा ठेवावा असं कुणालाच वाटलं नाही. आईने डोळे मिटले, थोड्या वेळाने पडद्यानेही मिटले. बुवा पूर्वरंग संपवून गजराला आले आणि पुढचा 'विठ्ठल' एकदम पुस्तकांच्या कपाटातून उमटला. लॅपटॉप तिथे अर्धवट झाकून ठेवला होता.

"अरे, कपाटात कोण शिरलंय?"

एचडीएमआयला १९ पिना असतात. मॉनिटर जोडलाय की नाही, हे शेवटची, १९वी पिन सांगते. काही मॉनिटर झोपताना तीही सोडून देतात. मग ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतो, मॉनिटर गेला. साउंड ड्रायव्हर मॉनिटरला कुठले आवाज झेपतात त्याची जंत्री, म्हणजे ईएलडी, बाद करतो. वर बसलेला पाइपवायर, म्हणजे कुठला आवाज कुठे पाठवायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम, बुवांना उचलून लॅपटॉपच्या स्पीकरवर आणून बसवतो. सगळे आपापल्या जागी बरोबर! भांडायचं कुणाशी?

प्रॉक नावाच्या फोल्डरात कर्नल आपली आतली माहिती दाखवतो, तिथल्या ईएलडीच्या फाइलीत डोकावलो. मॉनिटर प्रेझेंट: ०. ईएलडी व्हॅलिड: ०. माउस हलवून पुन्हा पाहिलं, तर दोन्हीकडे १, खाली मॉनिटरचं नाव आणि ४४१००, ४८००० असे आवाजाचे सॅम्पल रेट. मॉनिटर मात्र टेबलावरून तसूभरही हलला नव्हता. 'झोपलोय' आणि 'निघालोय' यातला फरक त्या पिनेला सांगता येत नाही. तिला दोनच गोष्टी येतात, आहे किंवा नाही. बिचाऱ्या ड्रायव्हरने ओळखायचं तरी कसं?

बरं, आवाज हलवूच नका म्हणावं, तर तीही सोय आहे. मॉनिटर नसतानाही साउंड ड्रायव्हर दार उघडून देतो, प्रोग्रॅम बिनघोर वाजवत राहतो आणि कीर्तन शून्यात जातं. कुठे एररसुद्धा येत नाही. आध्यात्मिकदृष्ट्या हे उच्च असेल, पण आईला चाललं नसतं.

पडदा झोपूच द्यायचा नाही, असं सेटिंग करून पाहिलं. रात्रभर खोलीत लख्ख उजेड, आणि बाबांचं विजेच्या बिलावर निरूपण. शेवटी माळ्यावरचे जुने स्पीकर काढून साध्या ऑडिओ जॅकला लावले. जॅक काढला-घातला हे तिथेही संगणकाला कळतंच, पण स्पीकर निदान झोपत तरी नाहीत.

आई म्हणते, बुवांच्या मागे पेटीवाला बरा आहे, पण ते घरघरणारं वाद्य कोण वाजवतंय?