‘वजनावर निम्मा लेख कशाला?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मनापासून आणि अभ्यास करून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही तितकंच सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ऑडीझी एलसीडी-एक्स या हेडफोनवरच्या माझ्या लेखाची निम्मी जागा वजन, पॅड (कानाभोवतीच्या गाद्या) आणि चष्म्याने खाल्ली, प्लॅनरचा (सपाट, पातळ पडदा हलवून आवाज काढणाऱ्या अशा हेडफोनचा) खरा गुण म्हणजे ‘वेग’, त्यावर अवाक्षर नाही, इतका महाग हेडफोन साध्या डोंगलवर (फोनला लावायच्या छोट्या ऑडिओ जोडणीवर) ऐकून मत देणं चूक, आणि तुलनेसाठी आवाजाची पातळी कशी जुळवली ते सांगितलंच नाही. शेवटचा आक्षेप पूर्ण मान्य. बाकीचे पटत नाहीत, ते का ते सांगतो.

पॅडपासूनच सुरुवात करतो, कारण हेडफोन डोक्यावर कसा बसलाय हे ठरल्याशिवाय त्याच्या आवाजाबद्दल बोलताच येत नाही. एलसीडी-एक्स मागून उघडा आहे, त्यामुळे हवा कुठून निसटली तरी फरक पडत नाही असा समज होतो. पण उघडी आहे ती पडद्यामागची बाजू. पडदा आणि कान यांच्यामधली हवा बंदिस्तच लागते. ती तशी राहिली तर या हेडफोनचा बास ३० हर्ट्झच्याही खाली जवळजवळ सपाट जातो. चष्म्याच्या जाड काडीने पॅड जरासा उचलला गेला की खालचा भाग गळतो, आणि मग ‘प्लॅनर असून बास पातळ’ अशी मतं तयार होतात.

तपासायची रीत सोपी आहे. ४० हर्ट्झचा सलग स्वर हळू आवाजात लावा. मागची जाळी न झाकता दोन्ही कप कडांना धरून डोक्याकडे अगदी हलकेच दाबा. स्वर ठळकपणे वाढला तर फट आहे. ती बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडते: चष्म्याच्या काडीपाशी, नाहीतर कानाच्या पाळीखाली, जबड्यामागच्या खळग्यात. एलसीडीचे पॅड एकसारख्या जाडीचे नसतात, जाड बाजू कानामागे यायला हवी. कप थोडा फिरवून ती बरोबर त्या खळग्यावर आणली की बरेचदा काम होतं. नाही झालं तर बारीक काडीचा चष्मा लावून पुन्हा ऐका.

हे करताना एक काळजी घ्या. पडदा अतिशय पातळ असतो. कप झटक्यात कानावर दाबला की आतली हवा त्याला ढकलते आणि पातळ प्लास्टिक चुरगळल्यासारखा बारीक आवाज येतो. एखाद्या वेळी आला तर घाबरू नका, पण रोज तसंच दाबत राहिलं तर पडद्याला इजा होऊ शकते. घालताना दोन्ही कप हाताने फाकवून अलगद टेकवा, काढताना आधी खालची कड उचलून हवा जाऊ द्या.

आता वजन. एलसीडी-एक्सचं अधिकृत वजन ६१२ ग्रॅम, हायफायमॅन सुसवारा या दुसऱ्या प्लॅनर हेडफोनचं ४५०. दुकानात दहा मिनिटांत हा फरक कळत नाही, म्हणून किमान दीड तास घालून बसा. माथा दुखला तर पट्टा भार नीट पसरवत नाहीये. कानाखाली दुखलं तर कपांची पकड जास्त आहे. मान दुखली तर आधी खुर्ची तपासा, कारण पुढे वाकून बसलं की तेच वजन मानेला कितीतरी जड पडतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेदर पॅड घामाने घसरतात आणि तासाभराने सुरुवातीची बैठक राहत नाही, म्हणजे बासही तोच राहत नाही. दर वेळी पॅड कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि ओलसर असताना पेटीत बंद करू नका.

‘वेगा’बद्दल. हलका पडदा म्हणून झटपट सुरू होणारा आणि थांबणारा आवाज, हे वर्णन कानाला पटतं, पण २० किलोहर्ट्झपर्यंत हलायला साधा डायनॅमिक ड्रायव्हरही (नेहमीच्या हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) पुरेसा वेगवान असतो. आपण ज्याला वेग म्हणतो तो बहुतांशी कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती उठाव आहे याचा परिणाम असतो. प्लॅनरचा खरा फायदा वेगळा आहे: जोर पडद्याच्या जवळजवळ पूर्ण पृष्ठभागावर लागतो, म्हणून खर्जातली विकृती फार कमी राहते. डग्ग्यावरचा घिस्सा ऐका. मनगट सरकतं तसा स्वर वर चढतो आणि तो चढताना कुठेही फुगत किंवा फाटत नाही. उलट एलसीडी-एक्समध्ये २ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यान खड्डा आहे. त्यामुळे तानपुऱ्याची जवारी थोडी झाकोळते, तबल्याची चाट बोथट होते, गायिकेचा आवाज एक पाऊल मागे जातो. इक्वलायझरमध्ये ३.५ किलोहर्ट्झला ३ डेसिबल वाढवा, क्यू (वाढीचा पट्टा किती अरुंद ते) १.५ ठेवा, आणि आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी ४ डेसिबलने उतरवा. जवारी परत येते.

डोंगलचा हिशेब आकड्यांनीच करू. एलसीडी-एक्सचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) २० ओहम, आणि तो १ मिलिवॅटला १०३ डेसिबल देतो. ११० डेसिबलच्या शिखरासाठी ५ मिलिवॅट, म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट लागतात. १ व्होल्ट देणारा बरा डोंगल त्याला पुरून उरतो. सुसवारा ६० ओहमचा आणि ८३ डेसिबलचा. त्याच शिखराला ५०० मिलिवॅट, म्हणजे सुमारे साडेपाच व्होल्ट लागतात. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ‘प्लॅनरला दणकट अ‍ॅम्प (हेडफोनला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) लागतोच’ हा नियम नाही, मॉडेलचे आकडे बघावे लागतात. शिवाय प्लॅनरचा इम्पिडन्स सगळ्या पट्ट्यांत जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स बदलला तरी नाद बदलत नाही, फक्त पातळी उतरते. सेनहायझर एचडी ६०० या डायनॅमिक हेडफोनचं तसं नाही, त्याचा इम्पिडन्स १०० हर्ट्झच्या आसपास चांगलाच चढतो.

आणि आता माझी चूक. पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना फसवी असते, कारण जेमतेम १ डेसिबल मोठा आवाजसुद्धा ‘जास्त खुला’ वाटतो. दोन अ‍ॅम्पची तुलना असेल तर हेडफोन जोडलेला ठेवून १०० हर्ट्झचा स्वर लावा आणि मल्टिमीटरने आउटपुटचा एसी व्होल्ट मोजा. एकीकडे ३०० मिलिव्होल्ट असतील तर दुसरीकडे ३ मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक नको, म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत राहता. दोन हेडफोनमध्ये मात्र व्होल्ट जुळवून उपयोग नाही. तिथे ३०० ते १००० हर्ट्झपुरता मर्यादित नॉइज (सलग खरखर) लावून कानानेच पातळी जुळवा, हेडफोन तीन-चारदा काढून-घालून पुन्हा जुळवा, आणि मगच गाणं लावा. त्या वेळी पंखा बंद ठेवा. उघड्या हेडफोनमध्ये त्याची घरघर सरळ आत येते आणि नेमका खर्जच झाकते.

ही पद्धत आज मूळ लेखात घालतो. तुम्ही ४० हर्ट्झची चाचणी चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय करून बघा, आणि काय फरक ऐकू आला ते इथेच लिहा.