गव्हर्नरला पगार कोण देणार?

अमेरिकन क्रांती म्हटलं की शाळेपासून आपल्या डोक्यात एकच बसलंय: कर वाढले, लोक भडकले, बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला. पण १७७३ च्या कायद्याने चहा महाग होणारच नव्हता. ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती, लंडनच्या गोदामांत तिचा माल पडून होता. तो थेट अमेरिकेत विकायची मुभा मिळाल्यावर चहा उलट स्वस्त झाला असता. (स्पर्धा परीक्षेची मुलं घोकतात तो रेग्युलेटिंग ॲक्टही त्याच वर्षीचा, त्याच कंपनीपायी केलेला.) तरीही १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

माझं ठाम मत आहे की या क्रांतीचं मूळ पगारात शोधायला हवं.

बोस्टन ज्या ब्रिटिश वसाहतीत होतं, त्या मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर राजाने नेमलेला, पण त्याचा पगार मंजूर करायची स्थानिक प्रतिनिधिसभा, तोही वर्षावर्षाने. लंडनने कितीदा बजावलं तरी सभेने कायमचा पगार बांधून दिला नाही. राजाच्या माणसाला वेसण घालायचं तेवढंच साधन लोकांच्या हातात होतं. १७६७ च्या टाउनशेंड करांनी नेमका त्यालाच हात घातला. चहासारख्या आयात मालावर कर घ्यायचा आणि त्यातून गव्हर्नर, न्यायाधीश यांना परस्पर पगार द्यायचा. म्हणजे लोकांच्याच पैशावर लोकांना न जुमानणारे अधिकारी!

१७७२ मध्ये न्यायाधीशांचे पगारही असेच होणार हे कळलं, तेव्हा तिथला पुढारी सॅम्युअल ॲडम्स याने बोस्टनमध्ये गावागावांशी संपर्क ठेवणारी पत्रव्यवहार समिती उभी केली. शंभरावर गावांनी उत्तरं पाठवली. चहावरचा कर याच पगारांसाठी होता, हे त्या गावांना पक्कं ठाऊक होतं.

या सभा काही सगळ्यांच्या नव्हत्या. मतदार मालमत्तावाले पुरुष, आणि वसाहतींतला जवळपास पाचवा माणूस गुलाम. हे विसरून त्या क्रांतीचे गोडवे गाणं मला पटत नाही. पण सत्तेवर हिशेबाचा लगाम हवा ही त्यांची समज अस्सल होती.

१७७४ मध्ये पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली आणि गावसभांवर निर्बंध आणले. सप्टेंबरात वूस्टरला आसपासच्या गावांतून हजारो माणसं जमली, न्यायालय बंद पाडलं. रस्त्याच्या दुतर्फा ते रांगा करून उभे राहिले. न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना हॅट हातात धरून त्या रांगांमधून चालावं लागलं आणि माघारीचा कागद पुन्हा पुन्हा वाचून दाखवावा लागला. लेक्झिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटायला अजून सात महिने होते.