70 तासांचा वाद आणि ऑक्सिजनच्या दोन रेषा

तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं, असं नारायण मूर्ती 2023 च्या ऑक्टोबरात म्हणाले. 2025 च्या जानेवारीत दुसऱ्या एका उद्योगप्रमुखाने आकडा 90 वर नेला. इथे अमेरिकेत विश्वरचनाशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांचं काम पाहता, हे तास मोजणंच मला चुकीचं वाटतं.

ॲरिझोनात किट पीकवर 4 मीटरच्या मेयॉल दुर्बिणीला ‘डेसी’ हे यंत्र बसवलंय. त्यातले 5000 चिमुकले रोबो एकेक प्रकाशतंतू ठरलेल्या आकाशगंगेवर नेमका आणून ठेवतात. रात्रीचा डेटा कॅलिफोर्नियातल्या महासंगणकावर जातो आणि सकाळपर्यंत वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश आला याचे आलेख, हातात येतात. त्यासाठी विद्यार्थ्याने जागायची गरज नसते.

त्याची खरी गरज लागते ती सॉफ्टवेअरने वर्णपटातल्या रेषा बरोबर ओळखल्या का, हे तपासायला. ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाढण्याचं प्रमाण, 1.2 असेल, तर ऑक्सिजनची 372.7 नॅनोमीटरची जोडरेषा (खेटून असलेल्या दोन रेषा) सरकून 820 नॅनोमीटरच्या आसपास येते. नेमक्या त्याच पट्ट्यात आपल्या वातावरणातल्या हायड्रॉक्सिल रेणूंच्या झगझगीत रेषांची दाटी असते. आकाशाचा उजेड वजा करताना जरा कमी-जास्त झालं, की सॉफ्टवेअर त्या उरलेल्या उंचवट्यालाच ऑक्सिजन समजतं. पडताळायला हायड्रोजनची बीटा रेषा शोधावी, तर ती 1069 वर, आणि यंत्र 980 लाच संपतं. मग उंचवटा मोठा करून बघायचा. ऑक्सिजन असेल तर 0.6 नॅनोमीटर अंतराने दोन शिखरं दिसायला हवीत. उरलेला उजेड असेल तर शेजारच्या तंतूंतही त्याच जागी खूण सापडते. असे शेकडो वर्णपट पाहून थकलेली नजर एका शिखराची दोन करते. म्हणूनच डेसीच्या सुरुवातीच्या चाचणीत एकेक वर्णपट किमान दोघांनी वेगवेगळा तपासला. संध्याकाळी पोहायला किंवा तबल्याच्या रियाजाला जाणारा विद्यार्थी कामचुकार नसतो. दुसऱ्या दिवशीची नजर तो राखत असतो.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. विद्यावेतनाचा मोठा लचका घरभाडं तोडतं. त्या मानाने पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातच वसतिगृह आहे, आणि ही सोय फार मोलाची आहे. पण 2023 पासून महिना 37,000 रुपये झालेली कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती (जेआरएफ) वेळेवर मिळत नाही, ही देशभरातल्या संशोधकांची जुनीच तक्रार. उधारीवर मेस चालवणाऱ्या मुलाला तासांचा हिशेब काय विचारायचा? भांडायचंच तर ठरलेल्या तारखेला पैसे जमा होण्यासाठी आणि मार्गदर्शकाच्या मर्जीवर न टांगलेल्या रजेसाठी भांडूया.