शेपटीचा भार

भाचीला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ड्रॅगन व्हायचं होतं. कापडाची शेपटी नको, "मामा, ती तर बालवाडीतली पोरंही लावतात." धातूचे खवले हवेत, चालताना वाजणारे. घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये हा कारखाना थाटायचा कुठे, हा प्रश्न फक्त आमच्या हिला पडला.

खवले ऑनलाइन मिळाले. रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे, वरच्या टोकाला एकेक भोक. ते गुंफायच्या कड्यांसाठी तार घ्यायला नागदेवी स्ट्रीटला गेलो, तर दुकानदाराने स्टीलची पुढे केली. माल मजबूत, वादच नाही. पण स्टीलची घनता ७.८ च्या आसपास आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७. तेवढ्याच तारेचं वजन जवळजवळ तिप्पट, आणि ते लटकणार पोरीच्या कमरेला.

"किसके लिए चाहिए?"

"दुम के लिए."

त्याने बिलावरून मानही वर केली नाही.

तार सळईवर गुंडाळायची, कापून कड्या करायच्या. कडी उघडताना तिची तोंडं बाजूला ताणायची नाहीत, नाहीतर ती पुन्हा गोल होत नाही. दोन्ही हातांत पक्कड धरून एक टोक पुढे, एक मागे पिळायचं. मग कडीत खवला, कडी वरच्या दोन आणि खालच्या दोन कड्यांत, आणि बंद. पुढची ओळ अर्धा खवला सरकवून. मंगलोरी कौलांसारखे खवले एकमेकांवर बसले की काम जमलं. रंग वर फासलेला नसतो, धातूवरच्या ऑक्साइडच्या थरात मुरवलेला असतो, वगैरे ठीक. पक्कड घसरली की ओरखडा पडतोच, आणि तो नेमका मधोमध.

रोज रात्री जेवणं आटोपली की ओटा पुसून बसायचो. लांबी काही वाढेना. मारुतीची शेपटी म्हणतात ती ही नव्हे. कड्या मात्र घरभर झाल्या. एक पोह्यांत निघाली. ही म्हणाली, "अहो, ड्रॅगन घरातच जेवतोय वाटतं."

खरी पंचाईत शेपटी लावताना झाली. निसर्गाने माकडाला शेपटीसाठी मणके दिले, आपली बोळवण माकडहाडावर केली. साध्या पट्ट्याला अडकवली तर पट्टाच मागे घसरायचा. शेवटी चामड्याचा रुंद पट्टा घेतला आणि भार कमरेच्या दोन्ही बाजूंना वाटला. खवले लेगिंग्जचे धागे ओढू लागले म्हणून आतून जुन्या जीन्सचं अस्तर. आता बसता येत नव्हतं. "ड्रॅगन बसत नाहीत," भाची म्हणाली. लोकलची चौथी सीट तिला तशीही कधी मिळत नाही.

घडी घातली तर ओरखडे पडतील म्हणून गॅदरिंगला ती शेपटी लावूनच निघाली, वरून माझा रेनकोट. मेट्रोच्या तपासणीला डिटेक्टर ओरडणार, हे मी बजावलं होतं. "मामा, अ‍ॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही!" नाही चिकटत. पण डिटेक्टर धातूत विजेचे भोवरे उठवून शोध घेतो, त्याला अ‍ॅल्युमिनियमही चालतं. पडद्याआड कमरेपाशी पीं-पीं सुरू झालं ते पोटऱ्यांपर्यंत थांबेना. मग नुसतीच शांतता. बाहेर मी घामाघूम.

पडदा सरकवून तपासणीच्या बाई बाहेर आल्या.

"तुम्ही केलंय हे?"

"हो."

"माझ्या मुलीला मासोळी व्हायचंय. केवढ्याला पडेल?"

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, लाइन पुढे घ्या!"