सायकलींबरोबर दात्यांची यादीही करा

वाचून भरून आलं. रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या सहकाऱ्यासाठी ऑफिसातली मंडळी पुणे ते महाबळेश्वर सायकल चालवणार, जमलेले पैसे त्याच्या बोन मॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा गर) प्रत्यारोपणाला देणार. अशी माणसं जोडणारा माणूसही तसाच असणार! खंबाटकीचा चढ दम काढतोच, पण खरी परीक्षा वाईच्या पुढे, पसरणी घाटात. तोवर पाय जड झालेले असतात आणि ऊन डोक्यावर. पहाटे निघा, वाईत खाऊन जरा टेका, मगच घाटाला लागा.

माझ्या थोरल्या भावाला हाच आजार होता, म्हणून कळकळीने सांगतो. पैशांइतकीच माणसं लागतात. या आजारात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात आणि दान केलेल्या प्लेटलेट्स साधारण 5 दिवसच टिकतात, त्यामुळे एकदा रक्तदान शिबिर घेऊन भागत नाही. रात्री-अपरात्री निरोप यायचा आणि वहिनी मोबाईलवर एकेक नाव सरकवत बसायची, आता कुणाला उठवू म्हणून. शेवटी दादाच्या ऑफिसातल्या पोरांनी वारांप्रमाणे यादीच करून दिली, सोमवारी कोण, गुरुवारी कोण. तो कागद फ्रिजवर लागला तेव्हा कुठे ती माउली झोपली.

आणखी एक. बोन मॅरो देण्यासाठी सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्केच असते. बाहेरचा दाता मिळायचा तर बोन मॅरो दाते म्हणून नोंदणी झालेली माणसं हवीत, आणि त्यासाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की झालं. सायकली निघतील तिथेच नोंदणीचं टेबल मांडता येईल का, बघा. प्लेटलेट्सच्या यादीत माझं नाव आत्ताच घाला, कोथरूडला राहतो, कुठलाही वार चालेल.